गालाची आतली बाजू

"आ करा," नर्स म्हणाली, आणि गिरणीवाल्यानं आ केला. त्यात त्याला नवं काहीच नव्हतं. गावाकडची पिठाची गिरणी सुटल्यापासून पोटासाठी तो दिवसभर दुसऱ्यांच्या उघड्या तोंडांतच वावरत असे. कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात त्याच्या टेबलावर अनोळखी माणसांचे जबडे प्लास्टरचे होऊन ओळीनं मांडलेले असत, आणि त्यांच्यात दात बसवता बसवता तो त्यांच्याशी गप्पाही मारी. पण आज तोंड त्याचं स्वतःचं होतं. टोकाला कापूस लावलेली एक काडी उजव्या गालाच्या आतून फिरली, मग डाव्या, पातेल्याच्या कडेला लागलेली साय बोटानं निपटून घ्यावी तशी. नर्सनं काडी नळीत घातली आणि नळीवर चिठ्ठी चिकटवली. "झालं." "एवढंच?" "एवढंच. तुमच्या मुलीचंही असंच घेतील, तिकडे. मग दोन्ही जुळवून बघतात." शिंप्यानं एका बाहीला दुसरी बाही लावून बघावी, इतक्या सहज तिनं हे सांगितलं. गिरणीवाला पुन्हा आ वासून बसला. शेवटी तीच म्हणाली, "मिटा आता."

त्यानं तोंड मिटलं, पण ते नीट मिटलंच नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर जीभ सारखी त्या जागी जाऊन चाचपू लागली, चोरी झालेल्या घरात माणूस पुन्हापुन्हा त्याच कपाटापाशी जातो तशी. काय नेलं असेल त्या काडीनं? थुंकीत माणसाचं सगळं खानदान असतं म्हणे. आजवर किती ठिकाणी थुंकलो, किती जणांना वाटून टाकलं आपण खानदान, असा एक विनोद त्याला सुचला. एरवी तो त्यानं कारखान्यात जाऊन तिखटमीठ लावून सांगितला असता. आज तो कुणाला सांगावासा वाटेना. दुकानांच्या काचांत त्याचं प्रतिबिंब त्याच्याबरोबर चालत होतं, आणि ते जरा मागेमागे राहतंय असं त्याला उगाच वाटत होतं. समोरून एक माणूस खांद्यावर मुलगी घेऊन आला. मुलगी त्याचे केस लगामासारखे ओढत होती. गिरणीवाला थांबला आणि त्या दोघांच्या कानांकडे बघू लागला. कान सारखे होते का? हनुवटी? मग त्याच्या लक्षात आलं आपण काय करतोय, आणि खिसा कापताना सापडल्यासारखा तो भराभरा चालू लागला.

कारण गिरणीवाल्याला ठाऊकच नव्हतं. पलीकडे, सरहद्दीजवळच्या तंबूंच्या वस्तीत त्याच्या बायकोजवळ जी मुलगी होती, जिला सगळे भुंगी म्हणत, जिला इकडे आणण्यासाठी त्यानं अर्ज केला होता आणि तपासणी मागताच "घ्या की" असं तोंड वर करून सांगितलं होतं, ती त्याची होती की त्याच्या भावाची, हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

आता हे ऐकून कुणीही म्हणेल, असं कसं होईल? पण ज्यानं हे म्हणायचं त्यानं ते गाव पाहिलेलं नाही. त्या गावात खोटं बोलणं हा गुन्हा नव्हता, कंजूषपणानं खोटं बोलणं हा होता. गिरणीवाल्याचा बाप सांगायचा की एकदा गिरणीचं जातं फिरायला लागलं ते थांबेचना. धान्य संपलं तरी फिरतंय, पोती खाल्ली, पोत्यांचे दोर खाल्ले, आणि शेवटी खिडकीतून आलेला एक ढगच्या ढग त्यानं दळून टाकला. गावावर पीठ असं उडालं की कावळ्यांचे बगळे झाले आणि कुणाची म्हैस कुठली हे ओळखायला लोकांना म्हशी धुवाव्या लागल्या. हे सगळे ऐकत, माना डोलावत, आणि कुणीतरी म्हणे, "होय होय, माझी म्हैस तर अजून धुतोय." एकटी गिरणीवाल्याची बायको तेवढी लग्न होऊन आल्या दिवशीच सासऱ्याला म्हणाली होती, "मामंजी, ढग दळला तर पाणी होईल, पीठ कसं होईल?" सासरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तेव्हापासून गावात तिचा दरारा होता. तिनं 'हो' म्हटलं की ते 'हो'च असायचं.

गोळीबार सुरू झाला त्या वर्षी घरात दोन्ही सुनांना दिवस गेले होते. मोठी म्हणजे गिरणीवाल्याची बायको, आणि धाकटी म्हणजे त्याच्या भावाची. भाऊ पळून गेला होता, बंदूकवाले त्याला शोधत होते, आणि त्याची बायको नाहीतर पोर हाती लागलं असतं तर त्यांना तेच हवं होतं. गिरणीवाला सुईणीला आणायला म्हणून गेला आणि संचारबंदीत दुसऱ्याच गल्लीत अडकला. परत आला तेव्हा गिरणीच्या तळघरात, पोत्यांच्या आडोशाला, दोघी जावा शेजारी शेजारी निजलेल्या आणि मध्ये दोन पोरी, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढऱ्याफटक, फक्त दोन तोंडं लालभडक उघडी. वर बंदूकवाले फिरत होते. त्याच्या आईनं त्याच्याकडे बघून सांगितलं, "मोठीला जुळ्या झाल्या. धाकटीला काही झालं नाही. तिच्या पोटात वायगोळा होता." वायगोळा! एवढ्या बंदुकांमध्येही त्याला हसू आलं. त्यानं हळूच विचारलं, "आई, पण माझी कुठली?" आई म्हणाली, "या घरात माझी-तुझी आजवर झालेली नाही, आता का करतोस?" आणि ते खरंच होतं. त्या घरात ज्याची मांडी रिकामी त्याच्या मांडीवर पोर, जिला दूध तिच्या छातीला पोर, अशीच सगळी वाढली होती. आणि दुसरं असं, की ज्याला माहीत नाही त्याच्याकडून चाबकानंही ते काढून घेता येत नाही. म्हणून बायकांनी पुरुषांना सांगितलं नाही आणि पुरुषांनी विचारलं नाही. सुरुवातीला त्याला त्याची गंमत वाटे. एकीला भुंगी म्हणत, कारण ती गप्प बसत नसे. दुसरीला मुकी, कारण ती रडतसुद्धा नसे, नुसती बघे. कधी वाटे, भुंगी आपली, आपल्यासारखी बडबडी. कधी मुकी त्याचं बोट धरून झोपी जाई आणि वाटे, हीच. मग पुढे पुढे वाटणंच बंद झालं. दोघी 'बाबा' म्हणत. बाबा म्हणजे तो. भाऊ पकडला गेला, मारला गेला, त्याचं मढं ओळखायला गिरणीवालाच गेला. धाकटी तापानं गेली. मग एका हिवाळ्यात गाव सोडावं लागलं, आणि वाटेत मुकी खोकत खोकत, जशी जगली तशीच आवाज न करता गेली.

खड्डा त्यानं खणला होता. जमीन गोठलेली होती आणि हातात एक तुटकं फावडं. खणता खणता एक विचार त्याच्या मनात आला होता, आणि तो त्यानं मातीबरोबर खाली लोटला होता. आज भर रस्त्यात, दिव्याच्या खांबापाशी, तो वर आला: हिची दुसरी कुणी आई असेल, दुसरा कुणी बाप असेल, आपली तर तिकडे आहे, चादरीत गुंडाळलेली, जिवंत. एका क्षणाचा तो आराम होता. आणि लगेच दुसऱ्या क्षणी उलटं. मग आपण कुणासाठी रडलो, लेकीसाठी की पुतणीसाठी? कापसाच्या काडीनं आता हेही सांगून टाकायचं होतं. एका पोरीचं नाव पुढे आलं की दुसरीचं आपोआप मागे जाणार होतं.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या टेबलावर अक्कलदाढ बसे. उशिरा कामाला लागला, जागा नसताना घुसला आणि सगळ्यांना त्रास दिला, म्हणून मालकानंच त्याला हे नाव ठेवलं होतं. "काय, दिली थुंकी सरकारला?" त्यानं विचारलं. "दिली." "मग तोंड का असं? तुझा जबडा उद्या कुणी साच्यात घेतला तर मी त्यावर कवळी करायला नकार देईन बाबा, फार रडका आहे." गिरणीवाला हसला नाही. समोरचा वरचा जबडा कुणा बाईचा होता आणि त्यात पुढचे चार दात बसवायचे होते. त्यानं मेण तापवलं. दात वाकडा बसला. काढला, पुन्हा बसवला, पुन्हा वाकडा. "अरे, त्या बाईला जेवायचंय, शिट्टी नाही वाजवायची," अक्कलदाढ म्हणाला, आणि शिट्टी या शब्दासरशी गिरणीवाल्यानं दात खाली ठेवला. भावाच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून तो अशी शिट्टी वाजवी की गिरणीच्या आवाजातही गल्लीच्या टोकापर्यंत जाई. भुंगीचे दुधाचे दात पडून नवे यायला लागले होते. ते त्यानं अजून पाहिले नव्हते. म्हणजे फोनवर पाहिले होते, पण त्या नजरेनं नाही.

वकीलबाईंची खोली जिन्याखाली होती, त्यामुळे कायद्याबद्दल त्या बोलत असताना डोक्यावरून माणसांची पावलं जात. मायलेकींना तंबूत ठेवून तो एकटा या देशात आला, तेव्हाच्या पहिल्या भेटीत त्यांनी त्याला एक वाक्य वाचून दाखवलं होतं, की ज्याला आसरा दिला त्याचं कुटुंब तोडून ठेवता येणार नाही, त्याची बायको आणि मुलं त्याच्याजवळ येऊ शकतील. त्याला ते इतकं आवडलं होतं की त्यानं ते पुन्हा वाचायला लावलं होतं, गोष्ट हवी असलेल्या पोरासारखं. आज तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "बाई, समजा ती तपासणी जुळली नाही, तर?"

बाईंनी चष्मा काढला. "हे बघा, माझ्यासमोर बसून 'समजा' म्हणणारी माणसं कधीच नुसती कल्पना करत नसतात. त्यांना माहीत असतं."

"मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्यानं तळघर सांगितलं, पीठ सांगितलं, वायगोळासुद्धा सांगितला. वायगोळ्याला बाई हसल्या. मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे तुम्ही तिचे एकतर बाप, नाहीतर काका. निम्मे निम्मे."

"घरात तर पूर्णच होतो, बाई."

"कायद्याला घर दुरून दिसतं. तुम्ही सांगाल तसं दिसतं, आणि तुम्ही त्याला 'पोटची' असं सांगून ठेवलंय." त्यांनी टेबलावर दोन बोटं ठेवली. एक बोट म्हणजे तपासणी. जुळली तर प्रश्नच मिटला, मायलेकी लवकर येतील. नाही जुळली तर बायकोला परवानगी आणि पोरीला नाही, वर हा माणूस खोटारडा. दुसरं बोट म्हणजे आधीच जाऊन सांगायचं, की ही पोरकी पुतणी, जन्मापासून आम्हीच वाढवलेली. अशा मुलालाही कायदा कुटुंबातलं धरतो, तिथं रक्त बघत नाहीत. पण मग पहिला जबाब खोटा होता हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं, आणि तुमच्या स्वतःच्या आसऱ्याची फाइलसुद्धा उघडू शकते. "आणि हे तिकडे पोरीच्या तोंडात काडी जायच्या आत. नंतर सांगितलंत तर ते सांगणं नाही, सापडणं होईल. तुमच्या बायकोचाही जबाब तिकडे याच दिवसांत घेतील. तिला माहीत असेल ना?"

"आईला नाही तर कुणाला माहीत असणार," गिरणीवाला म्हणाला, आणि इतक्या वर्षांत तिला कधी विचारलं नाही याचं त्याला पहिल्यांदाच भय वाटलं.

दुपारच्या सुटीत तो कारखान्यामागच्या भिंतीला टेकून फोन लावत होता. लागे, तुटे, पुन्हा लागे. मग पडदाभर भुंगी आली, इतक्या जवळ की आधी फक्त नाक. "बाबा, माझा इथला पडला आणि इथला आला, बघ!" आणि तिनं आ केला. त्यानं पाहिलं. ज्या नजरेनं तो प्लास्टरच्या जबड्यांकडे बघे त्या नजरेनं पाहिलं: वरची कमान, पुढचे दोन दात, मध्ये फट. होती. फट होती. आणि मग त्याला बाप आठवला, ढग दळणारा, त्याच्याही दातांत फट होती, तिच्यातून शेंगांची टरफलं उडवायचा. फट खानदानीच होती, कुणाच्याही पदरात पडली असती. तरी तो बघतच होता. जबडा रुंद आहे. धाकटीचा रुंद होता. पण आपल्या आईचाही... "बाबा, बोल ना!"

फोन हिसकावल्यासारखा हलला आणि बायकोचा चेहरा आला. "अहो, पोरीकडे बघा, तिच्या दातांकडे काय बघताय? कवळी करायची आहे का तिची?" तिच्यापासून काही लपत नसे. तिनं पोरीला पाण्याच्या रांगेत जागा धरायला पाठवलं आणि म्हणाली, "हं. काय ते सांगा आता."

त्यानं वकीलबाईंची दोन बोटं सांगितली. मागं तंबूचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. मग तो म्हणाला, "म्हणून विचारतो. फक्त एकदा. भुंगी कुणाची?"

"आधी तुम्ही सांगा," ती म्हणाली. "गेली ती कुणाची?"

गिरणीवाला भिंतीचा पोपडा नखानं उकरू लागला.

"सांगा की. एकीचं सांगितलं की दुसरीचं सांगून होतं. तुमच्या त्या बाईंना माहीत नसेल, मला माहीत आहे. मी एक लेक पुरली आणि एक घेऊन बसले आहे. दोन लेकी होत्या मला. त्यातली एक आता पुतणी करायची, तर कुठली करू? मातीतली की रांगेतली?"

"अगं, पण तिला इथं आणायचंय ना..."

"मग आणा की! तुम्ही शहाणे, तुमचा कायदा शहाणा. मला विचारू नका." आणि मग आवाज खाली आणून, "अहो, या वेळी बोललात, ठीक. पुन्हा हे तोंडातून काढू नका. तिच्या कानावर जाईल." फोन तिनं ठेवला की तुटला, हे कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले हे त्यालाही सांगता आलं नसतं. जेवताना घास एकाच गालाकडे ठेवी. रस्त्यात बापांची आणि लेकींची नाकं जुळवी. कधी ठरवी, तपासणी होऊ दे, ती आपलीच आहे, ही बडबड दुसऱ्या कुणाची असणार? आणि लगेच आठवे, भाऊसुद्धा झोपेत बोलायचा. कधी ठरवी, पुतणी म्हणून टाकू, शब्दच तर आहे. पण तो शब्द आरशासमोर म्हणून बघितला तेव्हा घरातलं कुणीतरी उठून बाहेर गेल्यासारखं वाटलं. आणि कापूस लावलेली दुसरी काडी तिकडे कुठल्यातरी खोक्यात तयार पडलेली होती.

अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी बोलावलं त्या सकाळी, जिना चढता चढता, त्यानं ठरवलं की जे आहे तेच सांगायचं: मला माहीत नाही. साहेब तरुण होता, सर्दीनं बेजार झालेला. शेजारी वकीलबाई बसल्या. गिरणीवाल्यानं घसा साफ केला आणि "साहेब, त्या मुलीचं असं आहे," एवढं म्हणाला, तोच साहेब रुमालातून म्हणाला, "तुमच्या पत्नीनं सांगितलंय सगळं. परवाच जबाब झाला." आणि त्यानं वाचलं. एकसुरी आवाजात, शिंका आवरत वाचलं, की मुलगी माझ्या जावेची. दीर आणि जाऊ दोघंही हयात नाहीत. जन्मापासून मी वाढवली. माझी स्वतःची मुलगी येताना वाटेत वारली.

गिरणीवाल्याला आधी ती गोठलेली जमीन दिसली, फावड्याखाली दगडासारखी वाजणारी, आणि मुकी पुन्हा एकदा मेली. या वेळी ती त्याची होती, आणि तो तिच्याजवळ नव्हता, एका खुर्चीत बसला होता. मग, ते अजून चालूच असताना, दुसरंच काहीतरी त्याच्या मनात आलं. तिनं हे खरं सांगितलं का? ढग दळला तर पाणी होईल म्हणणारी ती. जन्मात एक शब्द न वाढवणारी. तिनं 'जावेची' म्हटलं म्हणजे ती जावेचीच. पण मग फोनवर ती तसं का बोलली? की रस्ता तोच सुरक्षित आहे, पोर हमखास येते तो हाच, हे तिनं तिकडे तंबूत बसून त्याच्याआधी जोखलं, आणि आयुष्यातलं पहिलं आणि एकच खोटं काढून साहेबासमोर ठेवलं, पोटची पोर जावेच्या ओटीत घालून? दोन्ही वाटांनी विचार करत गेला तरी तो त्याच दारापाशी येत होता, आणि दार बंद होतं. तिला विचारता येणार नव्हतं. तिनं बजावलं होतं.

"हे बरोबर आहे?" साहेबानं विचारलं.

वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हो," गिरणीवाला म्हणाला.

"मग आधी 'माझी मुलगी' असं का सांगितलंत?"

"आमच्या घरात तिला दुसरं काही म्हणतच नाहीत, साहेब."

साहेबानं नाक पुसलं. "पहिला जबाब खोटा होता, त्याची वेगळी विचारणा होईल."

"होऊ दे."

"आणि या मार्गाला ती रक्ताच्या नात्याची तपासणी लागत नाही. तिकडे कळवतो, थांबवा म्हणून. तुमचा नमुना नष्ट करतील." बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "येतील हो दोघी. वेळ लागेल, पण येतील. आणि तुमच्या फाइलचं मी बघते, घाबरू नका." त्यानं मान हलवली. घाबरायचं कशाला ते त्याला अजून नीट निवडता आलं नव्हतं.

संध्याकाळी फोन तिकडूनच आला. भुंगी होती. मागं भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला ओरडत होतं. "बाबा, आम्हाला येऊ देणार आहेत! पण आई म्हणते, अजून एकदा साहेब बोलावतील, मलापण विचारतील. म्हणून सराव करायचाय."

"कसला सराव?"

"तुला काका म्हणायचा. आई म्हणते, साहेबासमोर चुकलं तर इथंच राहावं लागेल. तिकडे पोचलं की मग परत बाबा. नक्की परत बाबा ना?"

"नक्की," तो म्हणाला. "म्हण मग."

ती खुदकन हसली, मग मोठ्या माणसाचा आवाज काढून म्हणाली, "काका!"

"ओ," गिरणीवाला म्हणाला. इतक्या पटकन, इतक्या सवयीनं तो ओ आला की त्याचं त्यालाच ते ऐकवेना.

"शी! असं नाही," पोरगी म्हणाली. "तू लगेच ओ दिलास! मी आईला काकू म्हटलं ना, तर ती किती वेळ बोललीच नाही. नुसती चुलीकडे बघत बसली. पुन्हा करू हं. काका!"

त्यानं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे भांड्यांचे आवाज थांबले होते. तिथं कुणीतरी हातातलं काम टाकून ऐकत उभं होतं हे त्याला कळत होतं. ओ द्यायचा एवढंच होतं, एक अक्षर, आणि ते कुठून आणायचं हे त्याला आठवेना.

"हां," भुंगी खूश होऊन म्हणाली, "आता बरोबर."